कुत्र्याचे पिल्लू व मराठी घर

तीन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका सायंकाळी आमच्या बदनापूरच्या घरी धाकट्या मुलाने कुत्र्याचे पिल्लू उचलून आणले. पिल्लू महिन्याचे असेल-नसेल. अंग भिजून गोळा झालेले, बरगड्या मोजाव्यात अशा, आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले. ओसरीवर वाती वळीत बसलेल्या आमच्या आत्याबाईंनी ते पाहिले व त्या म्हणाल्या, "घास दे बाबा त्याला, पुण्य लागेल. पण उंबऱ्याच्या आत आणू नकोस."

आत्याबाईंच्या ह्या बोलण्यात निर्दयपणाचा लेशही नव्हता, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तव्यावरच्या भाकरीचा तुकडा गल्लीतल्या कुत्र्यांस घातल्यावाचून त्यांनी कधी तोंडात घास घातला नाही. त्यांचे म्हणणे इतकेच की, कुत्र्याचा भाग तो बाहेरचा. पुढे ह्या पिल्लाच्या पायी आमच्या घरावर जो प्रसंग गुदरला त्याचा विचार करता करता आमच्या ध्यानात आले की, घास देणे आणि पाळणे ह्या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी असून आपल्या समाजाला पहिली जितकी ठाऊक आहे तितकी दुसरी ठाऊक नाही. हे असे का झाले, ह्याचा थोडा ऐतिहासिक शोध घ्यावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

कुत्र्याला घास देण्याची आपली परंपरा फार जुनी व सर्व वर्णांत पसरलेली आहे. वैश्वदेवाच्या बलिहरणात श्वानाचा भाग ठरलेला असून तो भुईवर हलकेच ठेवावा, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. 'हलकेच' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. फेकू नये, एवढा विवेक त्यात आहे. आपल्याकडे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत व बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य दाखवितात आणि कुत्र्यालाही तो घालतात. जेजुरीपासून छत्रपती संभाजीनगराजवळच्या सातारे गावापर्यंत जिथे म्हणून खंडोबाचे ठाणे आहे, तिथे कुत्रा हा देवाचा सोबती. देवाला वाहिलेले वाघ्ये तर स्वतःस देवाचे कुत्रेच म्हणवितात. दत्तमूर्तीच्या पायांशी चार कुत्रे असतात, त्यांस भाविक लोक चार वेद समजतात. आमच्या मराठवाड्यातल्या नरसीच्या नामदेवांची आख्यायिका कोणास ठाऊक नाही? कुत्रे भाकरी घेऊन पळाले, तर कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरावी म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले.

परंतु थोडे बारकाईने पाहावे. नामदेवांच्या कथेतले कुत्रे तूप खाऊन कोठे गेले? रात्री ते कोठे निजले? कथेला त्याची गरज नाही, म्हणून ती काही सांगत नाही. लीळाचरित्रात सशाची लीळा आहे. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयाला येतो व वाचतो. तिथली करुणा सशाच्या वाट्याला आली. ती कुत्री पारध्यांची. त्यांची भूक व त्यांचे पोषण हा पारध्यांचा प्रश्न. संतांच्या वाङ्मयात कुत्र्याविषयी दया आहे, समदृष्टी आहे, पण कुत्रे पाळणारा गृहस्थ सहसा आढळत नाही.

महाभारताने मात्र ह्या विषयाला एक विलक्षण जागा दिली आहे. ग्रंथाच्या शेवटी धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला, हे लहान मुलांसही माहीत असते. ग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वात, एका पिल्लाची कथा आहे ती मात्र फार थोडे लोक सांगतात. जनमेजयाच्या यज्ञमंडपात सरमा कुत्रीचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. सरमा यज्ञमंडपात आली आणि तिने राजाला विचारले की, माझ्या मुलाने काही अपराध केला नसता त्याला का मारले? राजाच्या पक्षाकडून उत्तर मिळाले नाही, तेव्हा तिने शाप दिला. भारताचार्यांनी ह्या कथेचे काय अर्थ लावले असतील ते असोत. आमच्यापुरते एवढेच की, उंबऱ्याच्या आत आलेल्या पिल्लाचा न्याय हा प्रश्न आपल्या पूर्वजांस सुचला होता.

पाळणे म्हणजे काय हे ज्यांस खरोखर कळले होते, असे आपल्याकडे दोन वर्ग. एक राजेरजवाड्यांचा आणि दुसरा मेंढपाळांचा. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात हत्तीघोड्यांप्रमाणे शिकारी कुत्र्यांसही स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानात लांब पायांच्या, सडपातळ शिकारी कुत्र्यांची निपज जपली गेली. भारताच्या टपालखात्याने २००५ मध्ये ज्या चार देशी जातींची तिकिटे काढली त्यांत हा मुधोळचा कुत्रा आहे. त्याचाच सोयरा म्हणावा असा कारवानी कुत्रा आपल्या दख्खनच्या पठारावर आजही हौसेने पाळला जातो.

राजांच्या कुत्र्यांची गोष्ट निघाली की मराठी वाचकाचे मन रायगडाकडे धावते. तिथल्या वाघ्याच्या पुतळ्यावरून २०१२ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये केवढा वाद माजला! त्या वादात शिरण्याचे आम्हास प्रयोजन नाही. पुतळा १९३६ सालचा आहे, आणि शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, एवढे नमूद केले म्हणजे पुरे. आश्चर्य वाटते ते ह्याचे की, ज्या कुत्र्याविषयी लिहून ठेवलेली हकीकत आहे तो लोकांच्या फारसा स्मरणात नाही. हा साताऱ्याच्या थोरल्या शाहू छत्रपतींचा खंड्या. कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर, संगम माहुलीस, त्याची समाधी दाखवितात. वाघाच्या शिकारीत ह्या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचविला, म्हणून महाराजांनी त्याला सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला आणि त्या पालखीचा लवाजमाही चालू ठेवला, असे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे. एकदा तर भर दरबारात सरदारांच्या भेटीच्या वेळी महाराजांनी कुत्र्यालाच जरीची वस्त्रे व दागिने घातले आणि स्वतःचा मंदील त्याच्या डोक्यावर ठेवला. डफसाहेबाने हा वेडाचार म्हणून नोंदविला आहे. नटूनथटून येणाऱ्या एका सरदाराची त्यात थट्टा होती, हेही तोच सांगतो. परंतु वयाच्या सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत ज्या राजाने मोगलांच्या छावणीत कैद भोगली, त्याला निर्हेतुक प्रेम करणाऱ्या जनावराची किंमत इतरांहून अधिक कळली असेल, असे आम्हास वाटते. ह्याला पुरावा मागाल तर तो नाही. हा आमचा तर्क आहे.

मेंढपाळांचे पाळणे निराळे. ते हौसेचे नव्हे. दिवाळीनंतर आमच्या भागात धनगरांचे कळप शेतांत बसू लागतात. त्या कळपाभोवती लांडग्याची चाहूल घेत फिरणारी कुत्री पाहिली म्हणजे पालखीतल्या खंड्याहून ही बिरादरी वेगळी, हे सांगावे लागत नाही. सोमठाण्याकडे दुधनेच्या काठी उतरलेल्या एका म्हाताऱ्या धनगराला आम्ही विचारले की, बाबा, पिल्लू तुम्ही कसे तयार करता? तो म्हणाला, "तयार कशाला करायचं? डोळे उघडले की मेंढरात सोडायचं. पोरांच्या हातात लई दिवस दिलं तर ते पोरांचं होतं, मेंढराचं राहत नाही." स्कॉट व फुलर ह्या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्ले वाढवून १९६५ मध्ये जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचे एक मुख्य सूत्र हेच आहे. सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या संगतीत राहील त्यांस ते आपले मानते; तो काळ निघून गेला की ते काम फार कठीण होते. धनगराला आठवडे मोजता येत नव्हते असे नव्हे, त्याला मोजावे लागत नव्हते इतकेच.

आता राहिला आपला पांढरपेशा वर्ग. ह्याच्या घरात कुत्रे शिरले ते बहुतांशी इंग्रजी बंगल्याच्या अनुकरणाने, हे कबूल केले पाहिजे. आमच्या बदनापुरासही ह्या इतिहासाचा एक धागा आहे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी वेल्स्ली व स्टीव्हन्सन ह्या दोघा इंग्रज सेनापतींची भेट इथेच झाली आणि दोनच दिवसांनी असईची लढाई झाली. पुढे जालन्यास छावणी पडली. छावणीतल्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा, भिस्ती यांच्याबरोबर 'डोरिया' नावाचा एक नोकर असे. दोरी हाती धरून कुत्र्यांस फिरविणारा, त्यांस खाऊ घालणारा, गोचिड काढणारा तो डोरिया. आपल्या लोकांनी ओसरीवरून कुत्रा पाहिला, साहेबाच्या हातातली साखळी पाहिली, पण डोरियाचे काम पाहिले नाही. म्हणून आपण कुत्रे पाळू लागलो तेव्हा साखळी आणि 'टायगर', 'टॉमी' ही नावे तेवढी घेतली.

मुंबईची गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची आहे. पिसाळण्याच्या भीतीने सरकारने उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम केला होता व मारणारांस बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने हे लोक घरांत घुसून पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. त्यावरून ६ जून १८३२ रोजी पारशी मंडळींनी दंगा केला व त्यांस इतर व्यापाऱ्यांनी साथ दिली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईस पांजरापोळ निघाली. मोकाट जनावरांस ठाव मिळाला. परळचा बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालय व १८८६ चे पशुवैद्यक महाविद्यालय ही त्याच शतकातली कामे. आमच्या मराठवाड्यात असे महाविद्यालय परभणीस निघाले ते १९७२ मध्ये. इतकी वर्षे इकडचा कुत्रा आजारी पडला म्हणजे त्याच्या कपाळी हळद, राख आणि दैव.

घास व पालन यांतला भेद सर्वांत रोखठोकपणे मांडला तो महात्मा गांधींनी. १९२६ मध्ये अहमदाबादेतल्या एका गिरणीमालकाने गिरणीच्या आवारातली साठ कुत्री मारविली व ते प्रकरण गांधीजींपुढे आले. अहिंसेच्या उपासकाने गिरणीमालकाचा निषेध करावा अशी लोकांची अपेक्षा होती. त्यांनी तसे केले नाही आणि 'यंग इंडिया'त लेखांवर लेख लिहून लोकांचा रोष ओढवून घेतला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, धन्यावाचून भटकणारे कुत्रे हे समाजाच्या दयेचे नव्हे, बेपर्वाईचे चिन्ह आहे. तुकडा टाकून पुण्य जोडणे सोपे. दया खरी असेल तर कुत्रे घरी ठेवा, त्याची निगा करा, अथवा ते काम करणाऱ्या संस्थेचा भार उचला. मारण्याविषयीचे त्यांचे मत आम्हास पटत नाही. आज कायदाही निर्बीजीकरण व लसीकरण यांचा मार्ग सांगतो. परंतु तुकड्याविषयी ते जे बोलले ते आम्हास आमच्याच ओसरीवर खरे झालेले पाहावे लागले.

आमचे पहिले पिल्लू आम्ही प्रेमानेच मारले. हे लिहिताना हात अडखळतो, पण ते खरे आहे. पिल्लू आईपासून महिन्याचे तुटलेले. ते निदान आठ आठवडे आईपाशी राहावयास हवे, हे आम्हास माहीत नव्हते. आम्ही त्याला वाटीभर गाईचे दूध पाजू लागलो आणि ते त्याला बाधून जुलाब होऊ लागले. फुगलेले पोट पाहून मुले 'खूप जेवला' म्हणून हसत. ते पोट जंतांचे होते. हे जंत पिल्लाला आईच्या पोटातून व दुधातून येतात, म्हणून दोन आठवड्यांपासूनच त्यांवर औषध द्यावयाचे असते. अंगाला वास येतो म्हणून मुले त्याला एक दिवसाआड न्हाऊ घालीत. रात्री ते एकटे रडे, तेव्हा सवय मोडावी म्हणून आम्ही ते रडू दिले. आईच्या उबेतून कालपरवा निघालेल्या जिवाला एका खोलीत कोंडून शिस्त लावण्याची ही कल्पना आमच्या डोक्यात कोणत्या पुस्तकातून आली होती, देव जाणे. आणि सर्वांवर कळस म्हणजे, लस टोचण्यापूर्वीच मुले त्याला रोज गल्लीत, उकिरड्यापर्यंत फिरवून आणीत.

अडीच महिन्यांचे असताना त्याने एके सकाळी अन्नाला तोंड लावले नाही. दुपारी वांत्या, रात्री रक्ताचे जुलाब. दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "लस दिली होती का?" तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. ह्या रोगाला पार्व्हो म्हणतात. १९७८ पूर्वी कुत्र्यांतला हा रोग जगाला ठाऊक नव्हता; त्या साली तो प्रकट झाला आणि दोनेक वर्षांत पृथ्वीभर पसरला. त्याचे विष मातीत महिनेच्या महिने जिवंत राहते. म्हणजे आत्याबाईंच्या तरुणपणी गल्लीतली पिल्ले ज्या रोगांनी मरत त्यांत हा नव्हताच. पूर्वी अशी लाड-बीड न करता पिल्ले जगत, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. आणि किती मरत, हेही आठवून पाहावे.

मरणारांत मोठा वाटा असे तो डिस्टेंपर नावाच्या जुन्या रोगाचा. देवीची लस काढणाऱ्या जेन्नरने १८०९ मध्ये ह्या रोगाचे वर्णन लिहिले. कारे ह्या फ्रेंच संशोधकाने १९०५ मध्ये त्याचे कारण सूक्ष्म विषाणू आहे असे दाखविले. आणि लेडलॉ व डंकिन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडात त्यावर लस सिद्ध केली. पिसाळण्यावरचा पाश्चरचा उपचार तर १८८५ चा. आपल्या देशात तो कसौलीस १९०० मध्ये मिळू लागला. आज ह्या तिन्ही रोगांच्या लशी तालुक्याच्या गावी मिळतात. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढच्या, आणि तीन महिन्यांनंतर पिसाळण्यावरची, असा साधारण क्रम आहे. पुन्हा पुन्हा टोचण्याचे कारण असे की, आईच्या दुधातून मिळालेली रोगप्रतिकारक शक्ती पिल्लाच्या अंगी आहे तोवर लस लागू पडत नाही, आणि ती शक्ती कोणत्या दिवशी संपेल हे बाहेरून समजत नाही. त्या मधल्या फटीतच आमचे पिल्लू सापडले होते, आणि आम्ही तर एकही लस दिली नव्हती.

डिस्टेंपरच्या इतिहासात एक दाखला आहे, तो वाचल्यापासून मनातून जात नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत मजुरांस एक पुरातन दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रे. काळ आजपासून सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा. शेती नाही, गाव नाही, मडकेसुद्धा नाही. ते कुत्रे मेले तेव्हा जेमतेम सात महिन्यांचे होते. त्याच्या दातांच्या कवचावर उमटलेल्या खुणा तपासून २०१८ मध्ये संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, सुमारे पाचव्या महिन्यात त्याला डिस्टेंपर झाला असावा आणि तो एकदा नव्हे, तीनदा उलटला असावा. ह्या रोगात जनावर उठत नाही, पाणी पीत नाही, स्वतःच्या घाणीत पडून राहते. कोणी पुसले नाही, ऊब दिली नाही, पाणी पाजले नाही, तर ते आठवडे काढू शकत नाही. ह्याने काढले. शिकारीला निरुपयोगी, राखणीला निरुपयोगी, अशा आजारी पिल्लापाशी कोणीतरी बसले होते.

हे वाचून दाखविले तेव्हा आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पुढल्या माघात मुलाने दुसरे पिल्लू आणले, ह्या वेळी दोन महिन्यांचे झाल्यावर, त्याची आई व ठिकाण पाहून. पहिल्या आठवड्यात जंतांचे औषध झाले. लशी पुऱ्या होईपर्यंत त्याला गल्लीत सोडले नाही. पण धनगराचे बोल स्मरून कडेवर घेऊन मात्र सर्वत्र नेले. स्टेशनावर गाडीचा आवाज, मशिदीची बांग, लग्नाची वाजंत्री, सारे त्याने खांद्यावरून ऐकले. दूध बंद, दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाणे, त्यात अंडे आणि मऊ शिजविलेला भात व मांस. मांसाचे भांडे निराळे, व ते परसात शिजे, एवढी तडजोड घराने स्वीकारली. रात्री त्याची टोपली मुलाच्या खाटेपाशी असे. तिसऱ्या रात्रीपासून रडणे थांबले.

टोपली उंबऱ्याच्या आत केव्हा आली, ते आम्हास सांगता येणार नाही. आत्याबाईंनी परवानगी दिली नाही आणि मनाईही केली नाही. पाचव्या महिन्यात पिल्लाचे दुधाचे दात पडू लागले. बहुतेक दात पिल्ले गिळून टाकतात, म्हणून ते कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. एके सकाळी ओसरी झाडताना आत्याबाईंस तांदळाच्या कणीएवढा एक दात सापडला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, मुलाला हाक मारली, आणि घरातल्या पोरांचा पहिला दात पडला म्हणजे टाकतात तसा तो माळवदावर टाकावयास लावला.